एकदा दिलेली माहिती शाळेकडे पुन्हा पुन्हा मागितली जाऊ नये, यासाठी काय करता येईल?

प्रश्न (प्रभारी मुख्याध्यापक, दोनशिक्षकी प्राथमिक शाळा)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या शाळेत शिकवतो. शाळेचा पट ४३ आहे आणि आम्ही दोघे शिक्षक आहोत. सेवाज्येष्ठतेमुळे मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आहे. त्यामुळे दोन वर्ग, शालेय पोषण आहार, शाळा व्यवस्थापन समितीचे कामकाज आणि शाळेचे सगळे टपाल मलाच पाहावे लागते. माहिती देणे हा नोकरीचा भाग आहे, हे मला मान्य आहे. शासनाला शाळांची माहिती असायलाच हवी, याबद्दलही माझ्या मनात शंका नाही.

गेल्या महिन्यात मी एक वही घातली. आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सअ‍ॅप गटावर, फोनवर किंवा लेखी आलेली माहितीची प्रत्येक मागणी तारीख, वेळ आणि मुदतीसह तीत लिहिली. चोवीस कामाच्या दिवसांत ३७ मागण्या आल्या. त्यांपैकी २२ मागण्यांतली माहिती आम्ही याच वर्षी यू-डायस प्लस व सरल या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलांवर किंवा पोषण आहाराच्या दैनंदिन नोंदीत भरलेली होती. फक्त रकाने बदलले होते. एकात प्रवर्ग आधी आणि इयत्ता नंतर, दुसऱ्यात इयत्ता आधी आणि मुले-मुली वेगळी, तिसऱ्यात तीच संख्या वयानुसार.

त्यातला एक बुधवार सांगतो. तिसरीची मुले हातच्याची वजाबाकी करत होती, ४२ वजा १७. आमच्याकडे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आहेत. महिनाभर गोंधळलेल्या एका मुलीने त्या दिवशी स्वतःहून एका गठ्ठ्याचे रबर सोडवले, दहा काड्या दोन सुट्या काड्यांत मिसळल्या आणि बारांतून सात मोजून बाजूला करायला सुरुवात केली. तेवढ्यात प्रवर्गनिहाय पट दुपारी दोनच्या आत कळवावा, असा निरोप आला. शाळेत रेंज येत नसल्याने मी पाण्याच्या टाकीजवळ गेलो आणि तो तक्ता भरून येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. परत आलो तेव्हा तिने काड्या पुन्हा गठ्ठ्यात बांधून ठेवल्या होत्या आणि वहीवर डोके टेकवून ती बसली होती.

माझा प्रश्न असा आहे : ही पुनरुक्ती नेमकी कुठल्या पातळीवर जन्माला येते आणि आमच्यासारख्या शाळेला नियमात राहून ती कमी करण्यासाठी काय करता येते?

उत्तर १ (निवृत्त केंद्रप्रमुख)

सर, आपण वही घातलीत हे फार चांगले केलेत. आता मी जे पाहिले ते सांगतो.

बहुतेक मागण्यांचा उगम तालुक्यात नसतो. विधिमंडळात तारांकित प्रश्न लागतो, माहिती अधिकारात अर्ज येतो, एखाद्या योजनेचे उपयोगिता प्रमाणपत्र अडलेले असते किंवा वरिष्ठांची आढावा बैठक ठरते. वरच्या कार्यालयाने आठ दिवसांची मुदत दिलेली असते. पत्र उतरताना प्रत्येक पातळीवर त्यातले एक-दोन दिवस संपतात, कारण प्रत्येक कार्यालय संकलनासाठी स्वतःची मुदत एक दिवस अलीकडे ओढते. शाळेपर्यंत पोहोचते तेव्हा त्या आठ दिवसांचे 'आज दुपारी दोनपर्यंत' झालेले असते. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. प्रत्येक जण आपल्यापुरती खबरदारी घेतो आणि त्या सगळ्या खबरदारीचे ओझे शेवटच्या माणसावर पडते.

दुसरे कारण असे की, मागणारा कर्मचारी पोर्टल उघडून पाहत नाही. कधी त्याच्याकडे लॉगिन नसते, कधी पोर्टलवरची माहिती विशिष्ट तारखेची असते आणि त्याला आजचा पट हवा असतो, कधी मागितलेला नमुना पोर्टलच्या अहवालाशी जुळत नाही. पत्र पुढे पाठवणे त्याच्या दृष्टीने पाच मिनिटांचे काम असते. त्याच पाच मिनिटांमुळे खाली दीडशे शाळांत वर्ग थांबतात, हे त्याला आपल्या टेबलावरून दिसत नाही.

माझ्याकडे बारा शाळा होत्या. ३० सप्टेंबरच्या पटाचे तक्ते मी प्रत्येक शाळेकडून एकदाच घेत असे : प्रवर्ग, इयत्ता, मुले-मुली, दिव्यांग विद्यार्थी, खोल्या, शौचालये, वीजजोडणी. नंतर मागणी आली की आधी माझ्या वहीत पाहायचे आणि तिथे नसेल तरच शाळेला विचारायचे, असा नेम मी शेवटपर्यंत पाळला. निम्म्याहून अधिक मागण्या माझ्या टेबलावरच भागत. मात्र मी निवृत्त झाल्यावर तो पदभार एका पदवीधर शिक्षकाकडे अतिरिक्त म्हणून गेला. त्या बिचाऱ्याला स्वतःचा वर्ग सांभाळून बारा शाळांच्या वह्या ठेवणे कसे जमावे? केंद्रप्रमुखाचे पद रिक्त राहिले की त्याची झळ थेट शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचते.

उत्तर २ (माध्यमिक शिक्षक, शिक्षण हक्क कायद्याचे वाचन असलेला)

आपल्या प्रश्नात 'नियमात राहून' असे शब्द आहेत, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामासाठी शिक्षकाला नेमता येत नाही. निवडणुकीच्या कामांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले होते की, शिक्षकांना ती कामे सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत. २०२३ मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या (निरक्षर प्रौढ शोधण्याच्या) सर्वेक्षणावर राज्यातल्या शिक्षकांनी बहिष्कार घातला, तेव्हा याच कलमाचा आधार पुढे आला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला.

तरीही आपली अडचण यातून सुटत नाही, आणि त्याचे कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. कलम २७ शिक्षकाला कोणत्या कामावर पाठवता येणार नाही, एवढेच सांगते. शिक्षक शाळेतच राहून आपल्याच शाळेची माहिती दहाव्यांदा भरतो, तेव्हा त्याला कुठे 'नेमलेले' नसते. पट, आधार, अपार (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक), पोषण आहार या सगळ्या गोष्टी शाळेच्याच असल्याने त्या वर्गवारीत सहज शैक्षणिक बाजूला बसतात. म्हणून 'हे अशैक्षणिक काम आहे' हा युक्तिवाद आपण सोडून द्यावा, असे माझे मत आहे. 'हे काम झालेले आहे', हा युक्तिवाद अधिक टिकाऊ आहे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि मुलांची संख्या १५० च्या वर गेल्यावरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. प्राथमिक शाळेला लिपिक नाहीच. पण प्रपत्रांची संख्या पटावर ठरत नाही, ती शाळेगणिक ठरते. ४३ मुलांची शाळा आणि ४३० मुलांची शाळा जवळपास तेवढेच तक्ते भरतात. लहान शाळेत ते काम दोघांत वाटले जाते, मोठ्या शाळेत बारा-तेरा जणांत. आपल्या राज्यात लहान शाळा किती आहेत हे पाहिले, तर हे ओझे नेमके दुर्गम वस्त्यांवरच जास्त का पडते ते कळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शिक्षकांना जिकिरीच्या प्रशासकीय कामांत गुंतवू नये असे स्पष्ट म्हटले आहे, परंतु ती कामे मग कोणी करायची, याची तरतूद लहान शाळांसाठी झालेली नाही.

उत्तर ३ (गट साधन केंद्रातील कंत्राटी कर्मचारी)

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. सगळी माहिती एका मापाने मोजू नये, ही माझी पहिली विनंती आहे. यू-डायसमध्ये पूर्वी शाळेची एकूण आकडेवारी भरली जात असे. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. मोफत पाठ्यपुस्तकांची मागणी याच पटावरून जाते. संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवताना, आधार वैध झालेले विद्यार्थी पाहिले जातात. जनरल रजिस्टरमध्ये एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे असले आणि ती दुरुस्ती राहिली, तर ते मूल हजर असूनही मोजणीत दिसत नाही आणि त्यामुळे शिक्षकाचे पदही धोक्यात येऊ शकते. या कामात कंटाळा करू नका.

वेळ खरा जातो तो दुसरीकडे. पंधरवडा साजरा केल्याचे फोटो, प्रतिज्ञा घेतल्याचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो, अमुक लिंकवर नोंदणी केल्याचा स्क्रीनशॉट. आमच्या तालुक्यात १६८ शाळा आहेत. प्रत्येकी तीन फोटो आले की माझ्याकडे ५०४ फोटो जमतात. ते कोणी उघडून पाहिलेले मला आठवत नाही. माझ्याकडून विचारले जाते ते एवढेच, की किती शाळांनी भरले आणि किती शाळा बाकी आहेत. बाकी शाळांची यादी लाल रंगात गटावर टाकावी लागते, आणि ती टाकताना मला चांगले वाटत नाही. ज्या माहितीवर कोणताही निर्णय होत नाही, तिचे 'भरले की नाही' हेच मोजमाप होऊन बसते.

तोडगा म्हणून एक करता येईल. प्रत्येक मागणीपत्रावर तीन गोष्टी लिहिणे बंधनकारक करावे : ही माहिती कोणत्या निर्णयासाठी हवी आहे, ती कोणत्या पोर्टलवर शोधली आणि तिथे का मिळाली नाही. हे लिहावे लागले तर अर्ध्या मागण्या माझ्याच टेबलावर गळून पडतील. विद्यार्थ्यांचे बहुतेक तक्ते मी लॉगिनमधून स्वतः काढू शकतो. मला तसे सांगितले जात नाही, इतकेच. आणि निरंक अहवाल मागणे तर लगेच बंद व्हायला हवे. ज्यांच्याकडे कळवण्यासारखे काही आहे, तेवढ्यांनीच कळवले तरी पुरते.

उत्तर ४ (पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य)

मी शिक्षिका नाही. माझी दोन मुले वाडीवरच्या शाळेत आहेत आणि खिचडी वाढण्याआधी चव घेण्याची पाळी आली की मी शाळेत जाते. एकदा तिथे बसून मी पाहिले. ३८ मुले हजर होती. मॅडमनी हजेरीवर ३८ लिहिले. शंभर ग्रॅमप्रमाणे ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ मोजून दिला आणि साठा नोंदवहीत ३८ लिहिले. मग मोबाईलवर ३८ भरले, ते जाईना म्हणून दोनदा भरले. मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरीस हेच सगळे ३८ आणि ३९ कागदावर पुन्हा उतरवून केंद्रात द्यायचे आहेत. मी विचारले, मोबाईलवरून गेलेले तिकडे दिसत नाही का? त्या म्हणाल्या, दिसते, पण सही-शिक्क्याचा कागद लागतो.

आमच्या समितीने ठराव केला की, सकाळी शाळा भरल्यापासून दुपारच्या सुट्टीपर्यंत मॅडमचा फोन कपाटात राहील आणि काही निकड असेल तर अध्यक्षांना फोन करावा. ठरावाची प्रत केंद्रात दिली. पहिल्या आठवड्यात अध्यक्षांना चार फोन आले. त्यांनी प्रत्येकाला एवढेच सांगितले की, दुपारी माहिती मिळेल. चारपैकी एकही काम त्यामुळे अडले नाही. पुढे फोन कमी झाले, पण बंद झाले नाहीत. पोषण आहाराची रोजची नोंद मॅडम सुट्टीत करतात. मुलांचा सकाळचा वेळ राहिला, एवढे मी पालक म्हणून खात्रीने सांगते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, आपला ठराव आमच्या समितीपुढे येत्या बैठकीत ठेवतो. फोन अध्यक्षांकडे वळवण्याची कल्पना मला सुचली नव्हती. आमचे अध्यक्ष दिवसभर शेतात असतात, पण तिथे रेंज असते.

निवृत्त केंद्रप्रमुख सरांच्या पद्धतीप्रमाणे मी शाळेपुरता एक तक्ता तयार केला आहे. प्रवर्ग, इयत्ता, मुले-मुली, वय आणि दिव्यांगत्व या पाच अंगांनी पट एकाच कागदावर मांडला असून त्याखाली 'यू-डायस प्लसवर भरलेल्या माहितीप्रमाणे' असे लिहून तारीख घातली आहे. मागणी आली की त्याचाच फोटो पाठवणार. रकाने जुळत नसतील तर जुळवण्याचे काम मागणाऱ्याने करावे, अशी नम्र विनंती सोबत असेल. या आठवड्यात तसा दोनदा पाठवला. एकदा तो स्वीकारला गेला, एकदा 'दिलेल्या नमुन्यातच भरा' असा निरोप आला आणि मी तो शाळा सुटल्यावर भरला.

गट साधन केंद्रातील सरांनी सांगितलेल्या तीन गोष्टी माझ्या वहीतल्या ३७ मागण्यांना लावून पाहिल्या. निर्णयासाठी लागणारी आणि इतरत्र नसलेली माहिती मागणाऱ्या ९ मागण्या निघाल्या. त्या सगळ्या मी यापुढेही वेळेत देईन. वहीची प्रत केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, मांडणार आहे. केंद्रातल्या आणखी तीन शाळांनी तशीच वही घालायला सुरुवात केली आहे, म्हणजे तोपर्यंत चार शाळांच्या नोंदी एकत्र ठेवता येतील.

त्या मुलीने शुक्रवारी ४२ वजा १७ पूर्ण केले. काड्यांनी आधी, मग पाटीवर.