ऑफिस बंद, पण सफाईच्या मावशींचा खाडा. पाळ्या लावणाऱ्याने काय करावं?

पाळीतक्ता:
नमस्कार. मी हाँगकाँगमध्ये एका ग्राहक मदत केंद्रात पाळ्या लावते. आमची माणसं इथे, म्युनिकला आणि मेलबर्नला बसतात. दर डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचा तक्ता मीच भरते. सहा वर्षं झाली. कुणाला कधी सुट्टी हे मला तोंडपाठ आहे, अशी माझी समजूत होती.

2025 चा एप्रिल. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मी उशिरापर्यंत थांबले होते. आमचा मजला पुसायला येणाऱ्या मावशींनी विचारलं, "उद्यापासून बंद?" मी म्हटलं, हो, एकदम मंगळवारी उघडणार. त्या बोटांवर मोजू लागल्या. शुक्रवार, शनिवार, सोमवार. रविवार धरला नाही, तो त्यांचा तसाही सुट्टीचा. मग म्हणाल्या, "तीन दिवसांचे पैसे गेले."

मी चक्क खाली बसले. इथे सुट्ट्यांच्या दोन याद्या आहेत हे मला माहीत होतं, पण ते कागदावर. एक यादी 17 दिवसांची: बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि आमच्यासारखी ऑफिसं ती पाळतात. दुसरी कामगार कायद्यातली, जी मालकाला द्यावीच लागते. लोक त्यांना सरळ 'बँकेची सुट्टी' आणि 'कामगारांची सुट्टी' म्हणतात. दुसऱ्या यादीत कित्येक वर्षं 12 च दिवस होते. 2022 मध्ये बुद्धजयंती धरून 13 झाले, 2024 मध्ये नाताळनंतरचा एक दिवस धरून 14. मावशींशी बोलले तेव्हा ईस्टरचा एकही दिवस त्यात नव्हता.

मावशी कंत्राटदाराकडच्या, रोजावर. दार आम्ही बंद करतो आणि हजेरी त्यांची बुडते. वरिष्ठ म्हणाले, तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे. पण बंदचा तक्ता तर मी बनवते ना! मला नक्की काय करता येईल?

हजेरीबुक:
मी इमारतींच्या देखभालीची कंत्राटं बघतो. चावी कंत्राटातच आहे. दर 'प्रति दिवस' लिहिला असेल तर कंत्राटदार तुमच्याकडूनही बंद दिवसाचे पैसे घेत नाही, म्हणजे तुमच्या कंपनीचे तेवढे वाचतात आणि ते मावशींच्या खिशातून वाचतात. नूतनीकरणाच्या वेळी महिन्याचा ठोक दर करा आणि एक अट घाला: जागा आपण बंद ठेवली तर त्या दिवसाची हजेरी भरायची. अट नुसती घालून भागत नाही, मजुरीची पावती दर महिन्याला मागायची. आम्ही पहिले तीन महिने मागितली नव्हती आणि पैसे खाली पोचलेच नव्हते.

आणखी एक तपासा. कामगारांच्या यादीतल्या सुट्टीचा पगार मिळायलाही सलग तीन महिन्यांची नोकरी लागते. ती सलग धरायची तर आठवड्याला किमान 18 तास भरावे लागत. एखाद्या आठवड्यात 17 भरले की साखळी तुटली. 18 जानेवारी 2026 पासून ही मर्यादा 17 तासांवर आली आहे, आणि एखादा आठवडा कमी पडला तरी चार आठवडे मिळून 68 तास भरले तर चालतात. मावशींचे तास कोण मोजतं?

इसारकाठ:
मी म्युनिकला असते. इथे सुट्टीमुळे बुडालेल्या तासांचा पगार कायद्यानेच द्यावा लागतो, अर्धवेळ सफाई करणाऱ्यांनाही. सुट्टी कुठली लागू होते ते राज्यावर असतं, एके ठिकाणी तर शहरावर: 8 ऑगस्टची सुट्टी फक्त आउग्सबुर्गला. तरीही पळवाट काढतात. सोमवारी येणाऱ्या बाईला सुट्टीच्या आठवड्यात मंगळवारी बोलावतात आणि म्हणतात, तुझे तास भरले की! हे चालत नाही. पण बाईला ते माहीत असेल तरच ना. तक्ता तुमच्या हातात आहे, तेव्हा सुट्टीच्या आठवड्यात कुणाची पाळी हलते यावर लक्ष ठेवा.

रात्रपाळी:
मेलबर्नमध्ये नर्स आहे. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी काम कराल का असं विचारावं लागतं, हुकूम सोडता येत नाही. 2023 मध्ये फेडरल कोर्टाने हे स्पष्ट केलं. मी नाताळची रात्र कितीतरी वेळा केली आहे, वाढीव दराने, आणि मला त्याची तक्रार नाही. पण आमच्याकडेही 'कॅज्युअल', म्हणजे ठरलेले तास नसलेल्या, माणसाला घरी बसवलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. त्याच्या तासाच्या दरात जादा रक्कम धरलेली असते खरी, पण भाडं भरायच्या आठवड्यात ती कुठे दिसत नाही.

एक विचारते, रागावू नका. मावशींना काय हवंय ते त्यांना विचारलंत का?

पाळीतक्ता:
नव्हतं विचारलं. काल विचारलं.

माझ्या मनात होतं की बंदच्या दिवसांत गालिचे आणि काचा धुण्याचं काम काढावं, म्हणजे मजुरी बुडणार नाही. मग वाटलं, सगळे घरी आणि त्या एकट्या कामावर, हे काही बरं नाही. मावशी म्हणाल्या, पगारी सुट्टी मिळाली तर उत्तमच, नाहीतर शनिवारी काम चालेल, शुक्रवारी नको. पण त्यांचं मुख्य म्हणणं वेगळंच निघालं. आधी सांगा. महिनाभर आधी कळलं तर त्या दुसऱ्या इमारतीत बदलीचं काम धरू शकतात, आदल्या संध्याकाळी कळलं तर काहीच जमत नाही. सहा वर्षं मी तो तक्ता साडेतीनशे लोकांना ईमेल करत होते आणि सफाईवाल्यांच्या खोलीत एकदाही लावला नव्हता. आज लावला, चिनीत छापून.

हजेरीबुक, तुमची अट जशीच्या तशी लिहून खरेदी विभागाकडे पाठवली आहे. कंत्राट ऑक्टोबरात संपतं. 2026 पासून ईस्टरचा सोमवार कामगारांच्या यादीत आला, म्हणजे दोन याद्यांत आता दोनच दिवसांचा फरक उरला: गुड फ्रायडे 2028 मध्ये यायचा आहे आणि त्याचा दुसरा दिवस 2030 मध्ये. नऊ मावशींचे वर्षाला दोन दिवस. तेवढ्यासाठी 2030 ची वाट बघायची नाही, असं त्या पत्रात लिहिलंय. तासांचा हिशेब कंत्राटदाराकडे मागितला आहे, आला की इथे लिहीन.