मनात पाल चुकचुकली की थांबावं का?

निशिगंध
मोठा निर्णय घ्यायची वेळ आली की सगळे एकच सांगतात: फायद्या-तोट्यांची यादी कर, भावनेच्या आहारी जाऊ नकोस. मला हे पटत नाही. नोकरी, भागीदारी, घर, कागदावर सगळं जुळत असतं आणि तरी मनात पाल चुकचुकते. तिला गप्प करणं म्हणजे हाताशी असलेली माहिती फेकून देणं.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन दलातल्या प्रमुखांचा अभ्यास केला होता. त्यातला एक प्रसंग बघा. घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात आग. जवान पाणी मारताहेत, पण आग दबत नाही. प्रमुखाला काहीतरी खटकलं, काय ते सांगता येईना. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि लगेच जमीन खचली. खरी आग तळघरात, त्यांच्या पायांखाली होती. तो कारणं जुळवत बसला असता तर?

काटेकोर
असहमत. गोष्ट पुरती सांगा. त्या प्रमुखाला स्वतःला ते अतींद्रिय शक्तीचं काम वाटत होतं. क्लाइनने खोदून विचारल्यावर उलगडलं की दिवाणखाना तेवढ्याशा आगीच्या मानाने फारच तापला होता, आणि इतक्या उष्णतेला आवाज फार कमी होता. आगी विझवण्यात मुरलेल्या माणसाला ही विसंगती जाणवली. यात गूढ काही नाही.

आता आपल्याकडे वळू. आयुष्यात घरं किती घेतो आपण? भागीदार किती निवडतो? निवड चुकली हे कळायला वर्षं जातात, आणि सोडून दिलेल्या पर्यायाचं काय झालं असतं हे तर कधीच कळत नाही. मन शिकणार कुठून? आणि खात्री वाटणं हा काही पुरावा नव्हे. ढगात शिरलेलं विमान सावकाश कलत गेलं तर आतल्या कानाला ते जाणवतच नाही, आणि वैमानिकाने ते सरळ केलं की उलट बाजूला कलल्याचा भास होतो. अगदी ठाम भास. म्हणून तिथे शरीराचं ऐकायचं नाही, उपकरणांचं ऐकायचं, हे घोटून घेतलं जातं.

रात्रपाळी
मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वैमानिकाचं उदाहरण इथे लागू पडत नाही. मॉनिटरवर सगळं ठीक असतं. पण कालपर्यंत अंग आखडून घेणारं बाळ आज सुई टोचली तरी नुसतं कण्हतं, रंग थोडा करडा वाटतो, पोट जरा फुगलंय. यातलं एकेक धरलं तर कशालाच काही अर्थ नाही. सगळं एकदम बघितलं की पोटात गोळा येतो, आणि पुष्कळदा रक्ताचा अहवाल यायच्या आत तो संसर्ग असतो.

2012 मध्ये बेल्जियममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीत गंभीर काही नाही, तरी डॉक्टरांना आतून काळजी वाटतेय, अशा मुलांमध्ये गंभीर संसर्गाची शक्यता बरीच जास्त निघाली. त्या काळजीमागे बऱ्याचदा आईवडिलांचं ‘हे नेहमीसारखं आजारपण नाही’ हे म्हणणं असायचं. काटेकोर, कारण शब्दांत मांडता येत नाही म्हणून नव्या मुली गप्प बसतात, त्याचं मला भय वाटतं. ‘काहीतरी बिनसलंय’ एवढ्यावर डॉक्टरांना बोलावता आलंच पाहिजे.

काटेकोर
तुमच्या कामाबाबत शंभर टक्के मान्य. तिथे बाळं रोज दिसतात आणि अंदाज बरोबर होता की चूक हे लवकर कळतं. हीच अट क्लाइन आणि दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी 2009 च्या एकत्र लेखात घातली होती: परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि तो शिकायची संधी हवी. दोघं या प्रश्नावर विरुद्ध टोकांचे, तरी इथे त्यांचं एकमत झालं. धागा मात्र नोकरी-घराचा आहे.

वाटसरू
काहनेमनचंच आणखी एक. 1950 च्या दशकात इस्रायली सैन्यात त्याने मुलाखतीची पद्धत बदलली. सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी उमेदवाराने आजवर काय केलं याचे साधे प्रश्न, आणि लगेच आकडा द्यायचा. मुलाखत घेणारे भडकले, तुम्ही आम्हाला यंत्रं बनवताय म्हणाले. तेव्हा त्याने शेवटी एक पायरी जोडली: आता डोळे मिटा, हा सैनिक डोळ्यांसमोर आणा आणि मनाने आकडा द्या. तो मनाचा आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच चांगला ठरला. पण आधी सहा आकडे लिहून झाल्यावर. मला धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही वाटते. मनाला विचारा, फक्त पहिल्या पाच मिनिटांत नको.

निशिगंध
क्रमाचं पटलं. तरी एक फरक करावासा वाटतो. ‘हेच कर’ असं मन म्हणालं तर खुशाल तपासा. ‘इथे थांब’ म्हणालं तर थांबायला काय जातं? घर दुसरं मिळेल, नोकरी दुसरी मिळेल.

काटेकोर
घराबाबत चालेल. माणसाबाबत नाही. समोरच्याचं बोलणं, पेहराव, आडनाव आपल्या ओळखीचं नसलं तरी मनात नेमकी हीच पाल चुकचुकते. थांबल्याने तुमचं काही जात नाही. ज्याला नोकरी मिळाली नाही, त्याचं जातं. आणि कारण विचारलं तर त्याला सांगायला तुमच्याकडे काही नसतं.