ग्रिनिच: मधली जागा मुद्दाम मोकळी आहे

लंडनमधल्या ग्रिनिचच्या जुन्या नौदल महाविद्यालयात दोन घुमटांच्या मध्ये 'मुख्य इमारत बांधायची राहूनच गेली असं वाटतं', असं तुम्ही लिहिलंय. ती जागा मुद्दाम सोडलेली आहे! मागच्या क्वीन्स हाउस या राजघराण्याच्या वाड्यातून थेम्स दिसत राहिली पाहिजे, हा राणी मेरीचा आग्रह. म्हणून वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने अख्खा आराखडाच दोन भागांत मांडला. हे खरं कळतं ते पलीकडच्या काठावरून. १९०२ सालच्या पादचारी बोगद्याने नदीखालून चालत आयलंड गार्डन्सला जा आणि मागे वळून बघा. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते.

महाविद्यालयातल्या पेंटेड हॉलला, म्हणजे चित्रांनी रंगवलेल्या दालनाला, तिकीट आहे, तरी चुकवू नका. जेम्स थॉर्नहिल १९ वर्षं तो रंगवत होता. पश्चिमेच्या भिंतीवर, उजवीकडे खाली, हात पुढे केलेला माणूस दिसेल. तो थॉर्नहिल स्वतः. १८०६च्या जानेवारीत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी इथेच ठेवलं होतं. पण मला सगळ्यात भिडलं ते हे, की एवढा देखणा हॉल मुळात म्हाताऱ्या, जायबंदी खलाशांना जेवायला बसण्यासाठी बांधला होता.