ट्रॉलीतून पडलेल्या उसामुळे अपघात झाला, तर कारखाना नामानिराळा कसा?

तिऱ्हेकर
हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर मंगळवेढा रोडला दुचाकी घालायची म्हणजे जिवावर उदार व्हायचं. डबल ट्रॉली, ऊस दोन्ही बाजूंनी फूटफूटभर बाहेर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. भाचा रस्त्यात पडलेल्या मोळीवर घसरला, नडगीत प्लेट घालावी लागली. ट्रॉली केव्हाच पसार. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "गाडी नंबर सांगा."

ड्रायव्हर आणि गाडीमालक जबाबदार आहेतच, त्यात वाद नाही. पण तो ऊस ज्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडणार होता, त्या कारखान्यालाही दाव्यात ओढलं पाहिजे. वाहतूकदाराला उचल म्हणजे आगाऊ पैसे तोच देतो, कुणाचा ऊस कधी तोडायचा ते तोच ठरवतो, पैसे टनावर देतो. टनावर पैसे म्हटल्यावर ट्रॉली कमी कोण भरेल?

ट्रॅक्टरवाला मोहोळ
मालक, टनावर पैसे मिळतात ते दिसतं. बँकेचा हप्ता आणि तोडणी टोळीच्या मुकादमानं बुडवलेली उचल कुणाला दिसत नाही. भरते टोळी, दोर आवळते टोळी, आणि रस्त्यात असले खड्डे की ट्रॉली आदळली की वरचा थर हलणारच. रस्ता करणाऱ्याला कोण विचारतंय? सगळे येऊन आमच्याच मानगुटीवर.

कोर्टकचेरी
रस्त्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आहे. ठरलेल्या मानकांप्रमाणे काम किंवा देखभाल न केल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला किंवा संबंधित यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. पण त्यामुळे तुम्ही सुटत नाही दादा. माल बाजूला, मागे किंवा उंचीला हद्दीबाहेर गेला की कलम १९४(१अ) खाली २० हजार दंड, वर जादा माल उतरवायचा खर्च. खड्डे आहेत हे रोज जाणाऱ्याला माहीत असतं, मग दोर त्या हिशोबानं आवळायचा.

आता मुद्द्याचं. "ट्रॉलीनं धडक दिलीच नाही, मग तो वाहन अपघात कसा?" हा बचाव ठरलेला. १९८७ साली पुणे-बेंगळुरू महामार्गावर पेट्रोलचा टँकर कलंडला, काही तासांनी सांडलेल्या पेट्रोलचा भडका उडाला आणि गावकरी दगावले. तिथेही विमा कंपनीकडून असाच बचाव झाला. १९९१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला, वाहनाच्या वापरातून घडलेलाच हा अपघात असं सांगितलं. पडलेल्या मोळीला तेच लागू करून घेता येईल.

नंबर मिळालाच नाही तर त्याच कायद्याचं कलम १६१, पळून गेलेल्या अज्ञात गाडीसाठीची भरपाई. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे. हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापतच.

तिऱ्हेकर
५० हजारात दवाखान्याचं बिल तरी भागतं का ओ? आणि नंबर का मिळू नये? प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर जाते. तिथे नंबर, वेळ, वजन सगळं कॉम्प्युटरला. पोलिसांनी एक पत्र दिलं तर त्या तासा-दोन तासातल्या गाड्यांची यादी हातात येईल.

ट्रॅक्टरवाला मोहोळ
यादी येईल, पण मोळी कुणाची ते कसं कळणार? उसावर नाव लिहिलेलं असतंय काय? उगाच दहा-पंधरा जणांना ठाण्याला हेलपाटे. आणि विचारल्याबद्दल राग मानू नका, भाचा किती स्पीडला होता? हेल्मेट होतं का?

तिऱ्हेकर
हेल्मेट होतं. मोडली ती नडगी.

बागायतदार
कारखान्याला ओढा म्हणणाऱ्यांनी एकदा ऊसबिल बघावं. तोडणी-वाहतूक आमच्या बिलातून कापली जाते. उद्या कारखान्यावर भरपाई बसली की तीही फिरून आमच्याच माथी मारणार. एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरासाठी, आम्ही आंदोलनं करायची आणि वर दुसऱ्याच्या सैल दोराचे पैसेही आम्हीच भरायचे! गाडी ज्याची, भरपाई त्याची. विमा कशाला असतो मग?

कोर्टकचेरी
विम्यातच तर गोम आहे. पॉलिसी ट्रॅक्टरची, शेतीकामाची. ट्रॉलीचा विमा नाही, वापर मात्र भाड्यानं. कंपनी हात वर करते. पुष्कळदा अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे मोहोळकर दादा, शेवटी जप्ती तुमच्या दारात. पॉलिसी काढून एकदा वाचाच.

कारखान्याला धरायचं तर गाडी प्रत्यक्षात कुणाच्या हुकमानं चालत होती ते दाखवावं लागेल. राजस्थानच्या एसटी महामंडळानं बस भाड्यानं घेतली होती, ड्रायव्हर बसमालकाचा. तरी १९९७ ला सर्वोच्च न्यायालयानं महामंडळाला जबाबदार धरलं, कारण ड्रायव्हर महामंडळाच्या सूचनेनुसार गाडी चालवत होता.

बागायतदार
त्या बसमध्ये महामंडळाचा कंडक्टर बसलेला असणार. ट्रॉलीवर कारखान्याचं कोण बसतंय?

तिऱ्हेकर
ट्रॉलीवर कुणी नसेल, उसाच्या फडात कारखान्याचा चिटबॉय असतो की. भरलेल्या ट्रॉलीची स्लिप तोच करतो. डोळ्यांदेखत ट्रॉली शिगोशीग भरली जाते, "एवढी नको" असं तो कधी म्हटल्याचं कुणी ऐकलंय?

ट्रॅक्टरवाला मोहोळ
तो पोरगा हंगामी कामगार आहे. त्यानं गाडी अडवली तर दुसऱ्या दिवशी त्यालाच घरी बसवतील.

तिऱ्हेकर
घरी कोण बसवेल? कारखानाच ना. मी तेच म्हणायलोय.

कोर्टकचेरी
तिऱ्हेकर, वाद चालू द्या, पण दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. स्पॉट पंचनाम्यात उसाचा उल्लेख आहे का ते आधी बघा. "दुचाकी घसरून पडला" एवढंच लिहिलं असेल, तर पुरवणी जबाब द्या आणि काट्याचं रेकॉर्ड जपून ठेवायला कारखान्याला लेखी नोटीस पाठवा.