'तिरुचित्रंबलम'मधील शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार का मिळाला असावा?

सांजवारा:

मित्रन जवाहर यांनी दिग्दर्शित केलेला 'तिरुचित्रंबलम' हा २०२२ सालचा तमिळ चित्रपट मी गेल्या आठवड्यात इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहिला. नित्या मेनन यांना यातील शोभनाच्या भूमिकेसाठी सत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला (तो 'कच्छ एक्सप्रेस' या गुजराती चित्रपटातील मानसी पारेख यांच्यासह विभागून होता), हे वाचल्यापासून तो पाहायचा राहून गेला होता.

कथा थोडक्यात अशी आहे. चेन्नईत लोकांचे जेवण घरपोच करणारा एक बुजरा तरुण आहे. धनुष यांनी साकारलेल्या या तरुणाला सगळे 'पळम' म्हणतात. पोलीस निरीक्षक असलेल्या वडिलांशी (प्रकाश राज) त्याने आई आणि बहीण अपघातात गेल्यापासून अबोला धरला आहे आणि त्या दोघांच्या मध्ये आजोबा (भारतीराजा) कसेबसे घर सांभाळून आहेत. त्याच इमारतीत शोभना ही त्याची लहानपणापासूनची मैत्रीण राहते. आधी शाळेतली अनुषा आणि मग गावाकडची रंजनी यांच्यात मन गुंतवून झाल्यावर नायकाला शेवटी उमगते, की आपले माणूस जिन्याच्या खालच्या बाजूलाच होते. चित्रपट सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता, तेव्हा माझ्या आईने हा शेवट सांगून टाकला होता.

तरीही आम्ही दोघांनी तो आनंदाने पाहिला. मला विचारायचे आहे ते असे, की तमिळ प्रेक्षकांनी ही ओळखीची गोष्ट इतकी उचलून का धरली, आणि ज्या भूमिकेत एकही मोठा 'अभिनयाचा प्रसंग' नाही असे मला वाटले, तिला देशातला सर्वोच्च अभिनय पुरस्कार मिळणे आपणांस योग्य वाटते का?

कावेरीकाठ:

मी नोकरीनिमित्त सतरा वर्षे चेन्नईत राहत आहे आणि हा चित्रपट ऑगस्ट २०२२ मध्ये चित्रपटगृहातच पाहिला, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे सांगू शकतो. 'कर्णन'नंतर धनुष यांचे 'जगमे तंदिरम', 'अतरंगी रे' आणि 'मारन' हे तिन्ही चित्रपट थेट ओटीटीवर आले होते. त्यामुळे त्यांना पुन्हा मोठ्या पडद्यावर पाहण्याची लोकांना ओढ होती. त्यात धनुष आणि अनिरुद्ध ही नायक-संगीतकाराची जोडी २०१५ च्या 'तंगमगन'नंतर प्रथमच एकत्र आली होती. 'ताय केळवी' हे गाणे सुरू झाले, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतील महाविद्यालयीन मुले उभी राहून नाचत होती आणि माझ्या शेजारच्या आजी त्यांना खाली बसा म्हणण्याऐवजी स्वतःच टाळ्यांचा ठेका धरत होत्या.

पण माझ्या मते लोकांना खरे जिंकले ते आजोबा, वडील आणि मुलगा या तिघांच्या घराने, आणि इथे उपशीर्षकांमध्ये बरेच काही हरवते. आजोबा आणि नातू यांचे नाव एकच आहे. तमिळमध्ये 'पेर' म्हणजे नाव आणि नातवाला 'पेरन' म्हणतात, म्हणजे नाव पुढे नेणारा. आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत होतीच. शिवाय 'तिरुचित्रंबलम' हे साधे नाव नाही. चिदंबरमच्या नटराज मंदिराशी जोडलेला हा पवित्र शब्द आहे, आणि शैव भक्त तेवारमची, म्हणजे जुन्या शैव संतांची, पदे म्हणण्याआधी व नंतर तो उच्चारतात. असे भारदस्त नाव असलेल्या मुलाला सगळे 'पळम', म्हणजे फळ, म्हणून हाक मारतात. बोलीत हा शब्द भोळ्याभाबड्या, नेभळट माणसासाठी वापरतात. त्या नाव आणि टोपणनाव यांच्या अंतरावर चित्रपटगृहात जो हशा पिकत असे, तो खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळीतून कळणे अवघड आहे.

वडिलांना पक्षाघात झाल्यानंतर अबोला धरलेला मुलगाच त्यांचे सगळे करू लागतो, तेव्हा मात्र तेच चित्रपटगृह अगदी शांत झाले होते. आमच्या इमारतीतील एका तमिळ कुटुंबाने हा चित्रपट तीनदा पाहिला. त्यांच्या बोलण्यात प्रेमकथेचा उल्लेख क्वचितच येई. दर वेळी ते त्या बापलेकांविषयीच बोलत.

वेलची:

कावेरीकाठ यांनी सांगितलेले मला पटते, परंतु पुरस्काराच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडते. त्याच वर्षी गौतम रामचंद्रन यांचा 'गार्गी' आला होता. एका लहान मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात वडिलांना अटक झाल्यावर जिच्या पायाखालची जमीन सरकते, अशी शिक्षिका साई पल्लवी यांनी त्यात उभी केली आहे. पुरस्कार जाहीर झाल्यावर अनेक प्रेक्षकांनी तिचे नाव घेऊन नाराजी व्यक्त केली आणि मीही त्यांच्यापैकीच होते. विषय गंभीर आहे म्हणून मी असे म्हणत नाही. त्या भूमिकेत विश्वासाकडून संशयाकडे जाणारा जो लांबचा प्रवास आहे, तो साई पल्लवी यांनी एकेक पायरी दाखवत केला आहे.

दुसरे म्हणजे शोभना हे पात्र लिहिले कसे आहे, याचाही विचार व्हावा. नायक आधी एकीच्या आणि मग दुसरीच्या मागे जातो, आणि तोवर ही मुलगी त्याला धीर देत, त्याच्या घराची काळजी घेत, आपले मन गिळून उभी असते. अनुषा आणि रंजनी तर केवळ नायकाच्या वाटेवरील दोन थांबे वाटतात. चित्रपटगृहातून हसत बाहेर पडले तरी मनात हे सलत राहिले. नायिकेने वाट पाहायची आणि नायकाला उशिरा शहाणपण सुचायचे, ही गोष्ट आपण मराठीतही पुष्कळ वेळा पाहिली आहे.

मध्यलय:

मी वीस वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आहे. त्या अनुभवातून सांगतो, की गंभीर प्रसंगात प्रेक्षक नटाला बराच वेळ देतात, पण विनोदी प्रसंगात अर्ध्या क्षणाची चूकही क्षमा होत नाही. सांजवारा यांना शोभनाच्या भूमिकेत मोठा प्रसंग दिसला नाही, हे खरेच आहे, आणि माझ्या दृष्टीने तिची अवघड बाजू तीच आहे. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा पळम दुसऱ्या मुलीविषयी बोलत असताना केवळ शोभनाच्या चेहऱ्याकडे पाहा. ती थट्टा करते, त्याला झापते, सल्लाही देते, आणि या सगळ्यात तिच्या मनात काय आहे हे आपल्याला कळते, पण त्याला कळत नाही. दोन माणसांना एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांगणारा चेहरा घेऊन दोन तास वावरणे किती कठीण असते, हे तालमीत उभे राहिल्याशिवाय समजत नाही. म्हणूनच शेवटाकडे, विमानतळावर तिचा राग उफाळून येतो, तेव्हा तो उपरा वाटत नाही.

पूर्वी 'तनु वेड्स मनू रिटर्न्स' या प्रेमविनोदासाठी कंगना राणावत यांना हाच पुरस्कार मिळाला होता, तेव्हा फारसे कोणी हलक्याफुलक्या चित्रपटाचा मुद्दा काढल्याचे मला आठवत नाही. तिथे दुहेरी भूमिका होती, दोन वेगळ्या बोली होत्या, कसरत डोळ्यांना दिसत होती. शोभनामध्ये अशी कोणतीही कसरत दिसत नाही. परीक्षकांनी न दिसणाऱ्या कामाची नोंद घेतली, याचा एक नट म्हणून मला मनापासून आनंद झाला.

वेलची यांचा लेखनाविषयीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. परंतु पात्राची मर्यादा लेखकाची असते. त्या मर्यादेत राहून नित्या मेनन यांनी शोभनाला केविलवाणी होऊ दिले नाही, हे त्यांचे श्रेय आहे.

कावेरीकाठ:

मध्यलय यांच्या मुद्द्याला जोडून दिग्दर्शकाविषयी एक सांगतो. मित्रन जवाहर यांनी धनुष यांच्यासह आधी केलेले 'यारडी नी मोहिनी', 'कुट्टी' आणि 'उत्तमपुत्तिरन' हे तिन्ही चित्रपट तेलुगू चित्रपटांवर बेतलेले होते. 'तिरुचित्रंबलम' ही या जोडीची पहिली स्वतंत्र कथा आहे. गोष्ट ओळखीची असली तरी घर मात्र उसने वाटत नाही, याचे कारण कदाचित यात असावे. आणि ज्या 'मेघम करुक्कादा' गाण्याला नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातही मोठा नाचाचा ताफा नाही. त्या नृत्याचा गोडवा त्याच्या साधेपणात आहे.

वेलची:

शोभना केविलवाणी होत नाही, हे मान्य करते. माझी पसंती तरीही 'गार्गी'लाच आहे.

सांजवारा:

सर्वांचे मनापासून आभार. नावाचा अर्थ कळल्यावर मी काल आईला पुन्हा तो पक्षाघातानंतरचा भाग दाखवला. माझ्या वडिलांना त्यांच्या आजोबांचेच नाव ठेवले होते आणि शेवटच्या आजारपणात त्या आजोबांचे सगळे वडिलांनीच केले होते, हे तिने मला प्रथमच सविस्तर सांगितले. पळम दुसऱ्या मुलींविषयी बोलतो ते प्रसंग आम्ही येत्या रविवारी, मध्यलय यांनी सांगितल्याप्रमाणे, फक्त शोभनाकडे लक्ष ठेवून पाहणार आहोत. 'गार्गी' कुठे उपलब्ध आहे, हे वेलची यांनी कळवल्यास त्याच आठवड्यात तोही पाहून इथे लिहीन.