क्रँकमधला गाळ काढल्याशिवाय इंजिन परत जोडू नका

जुन्या ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकलचं इंजिन खोलून रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलले की काम झालं, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. १९६३ नंतरच्या ६५० सीसी ट्रायम्फमध्ये ऑइलला फक्त जाळी आहे, बारीक कचरा अडतच नाही. तो क्रँकमधल्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यामधल्या) नळीत साचतो. नळी तुंबली की बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे) ऑइल पोचत नाही आणि तिथले शेल, म्हणजे बेअरिंगच्या पातळ वाट्या, जळतात. त्यामुळे क्रँक बाहेर काढाच. नळीचं बूच फिरू नये म्हणून त्यावर पंचने ठोकलेली खूण असते; ती आधी ड्रिलने उडवा, मग गरम करून इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा स्क्रू ड्रायव्हर) लावा. आणि हो, फ्लायव्हीलचा (क्रँकवरच्या जड चाकाचा) एक बोल्ट नळीत घुसलेला असतो! तो न काढता नळी ओढली तर फाटते. बसवताना नळीचं भोक त्याच बोल्टसमोर आणा, नवं बूच लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावून बसवा आणि पंचने ठोकून पक्कं करा.