चिंता रक्तातून येते की घरातून?

मध्यरात्र

आमच्या घरात काळजी करणाऱ्या बायकांची ही तिसरी पिढी आहे. बाहेर गेलेले माणूस ठरल्या वेळी परतले नाही की माझी आई दारापर्यंत येरझाऱ्या घालत असे, आणि तिची पावले मोजत मी आतल्या खोलीत वहीतली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसत असे. आजीही तशीच होती, असे आई सांगते. आज मी चाळिशीत आहे आणि अवेळी फोन वाजला की तो उचलण्याआधीच माझ्या छातीत धस्स होते.

आता माझी चार वर्षांची मुलगी नव्या खोलीत शिरताना माझ्या ओढणीचे टोक मुठीत धरते, इतके घट्ट की नंतर तेथे चुण्या राहतात. अनोळखी माणसाने नाव विचारले तर ती माझ्या मागे दडते. घरातली मोठी माणसे म्हणतात की स्वभावाला औषध नाही. चिंतेचा किती भाग जन्मतः येतो आणि किती बालपण घडवते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. ती जन्मतःच तशी असेल तर मी काय करू शकते, आणि हे माझ्यामुळे झाले असेल तर त्या अपराधी भावनेचे काय करायचे, हे दोन्ही प्रश्न मला झोपू देत नाहीत.

निरीक्षण

मी बालमानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण या विषयातील एका प्रसिद्ध संशोधनाला अक्षरशः लागू पडते. हार्वर्ड विद्यापीठात जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार महिन्यांच्या सुमारे ५०० बाळांना हलणारी रंगीत खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले आणि नवे वास दिले. सुमारे २० टक्के बाळे हातपाय जोराने झाडू लागली, पाठीची कमान करून रडू लागली. सुमारे ४० टक्के बाळे मात्र निवांत पाहत राहिली. चार महिन्यांच्या बाळाला अजून कोणी अपमानित केलेले नसते की धाक घातलेला नसतो, त्यामुळे हा फरक बव्हंशी उपजत मानावा लागतो. हातपाय झाडणारी ही बाळे दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसांपासून मागे सरण्याची शक्यता अधिक होती. सातव्या वर्षी त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्के मुलांमध्ये चिंतेची लक्षणे आढळली, तर निवांत गटात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते.

हे आकडे वाचताना बहुतेकांची नजर ४५ वर थांबते. मी विद्यार्थ्यांना उरलेल्या ५५ कडे पाहायला सांगतो, कारण तितकाच चटकन दचकणारा मेंदू घेऊन जन्मलेल्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये ती लक्षणे दिसली नाहीत. वारशाने मिळते ती दचकण्याची तयारी. ती खुद्द चिंता नव्हे.

जुळ्यांच्या अभ्यासांतून चिंताविकारांमधील आनुवंशिकतेचा वाटा साधारणपणे ३० ते ४० टक्के दिसतो. याचा अर्थ तुमच्या काळजीचा तिसरा हिस्सा आजीचा आणि बाकीचा तुमचा, असा लावता येत नाही. हा आकडा एका मोठ्या समूहातील माणसामाणसांमधल्या फरकांविषयी बोलतो, एका व्यक्तीविषयी नाही. त्यामागे एखादे ‘चिंतेचे जनुक’ही नाही, प्रत्येकी अगदी थोडा परिणाम करणारी असंख्य जनुके आहेत.

उंबरठा

वरील माहिती योग्यच आहे, परंतु ती वाचून कोणाचा असा समज होऊ नये की पाळण्यात निवांत असलेले मूल पुढेही सुरक्षितच राहते. मी लहानपणी अजिबात बुजरा नव्हतो, असे सर्वजण सांगतात. आमच्या घरी संध्याकाळी दाराच्या कुलपात किल्ली फिरे, आणि ती हळू फिरली की जोरात, यावरून त्या रात्री वडील कोणत्या मनःस्थितीत आहेत हे मी ओळखत असे. आज माझ्या घरी कोणीही रागावत नाही, तरीही शेजारच्या दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला की माझे खांदे आपोआप आखडतात.

याचे स्पष्टीकरण मला खूप उशिरा वाचायला मिळाले. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथींना संदेश देते. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. धोका टळल्यावर तेच कॉर्टिसॉल मेंदूतील ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा संदेश टिपणारे पेशींमधील रेणू) जाऊन भिडते आणि ही साखळी थांबवते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले की ज्या पिल्लांना आई पहिल्या आठवड्यात भरपूर चाटते, त्यांच्या मेंदूत हे ग्राहक अधिक असतात आणि त्यांचा ताण लवकर ओसरतो. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले भरपूर चाटणाऱ्या आईकडे वाढवली, तर ती सांभाळणाऱ्या आईसारखी निघाली. २००४ मध्ये त्यांनी हेही दाखवले की आईच्या स्पर्शामुळे पिल्लांमध्ये हे ग्राहक घडवणाऱ्या जनुकावरील रासायनिक खुणा बदलतात. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मला मान्य आहे. पण जन्मजात आणि घडवलेले यांच्यामधली जी भिंत आपण गृहीत धरतो, ती या प्रयोगानंतर मला तितकीशी खरी वाटत नाही.

माणसांविषयी सांगायचे तर रुमानियातील अनाथालयांमधील १३६ मुलांचा अभ्यास बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झाला. त्यांपैकी निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रशिक्षित पालक कुटुंबांकडे सोपवली गेली. साडेचार वर्षांच्या वयापर्यंत या मुलांमधील चिंता आणि नैराश्याच्या विकारांचे प्रमाण नेहमीच्या व्यवस्थेत राहिलेल्या मुलांच्या सुमारे निम्मे होते.

मध्यरात्रताई, तुमच्या मुलीचे बालपण असे नाही, हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळते. धाक आणि काळजी या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगी ओढणी धरायला तुमच्याकडे येते, यातच तिला आधार कोठे आहे हे ठाऊक असल्याचे दिसते.

दोनपावले

मी एका बुजऱ्या मुलाची आई आहे, आणि मला ‘स्वभावाला औषध नाही’ या वाक्याविषयी बोलायचे आहे, कारण ते मीही पुष्कळ ऐकले आहे.

सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात रॉन रेपी यांनी शाळेत जाण्याआधीच्या वयातील अतिशय बुजऱ्या मुलांच्या पालकांसाठी अवघ्या सहा सत्रांचा कार्यक्रम आखला. सत्रांना मुले नव्हती, फक्त पालक होते. मुलाच्या वतीने बोलणे, त्याला अवघड प्रसंगातून उचलून बाहेर काढणे आणि तो प्रसंग येऊच न देणे या सवयी हळूहळू कशा सोडायच्या, हे त्यात शिकवले जाई. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर या पालकांच्या मुलांमध्ये चिंताविकारांचे निदान लक्षणीयरीत्या घटले होते. मात्र मुलांचा बुजरेपणा मोजला तेव्हा त्यात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. मी तो भाग दोनदा वाचला. स्वभाव जागच्या जागी होता आणि तरीही चिंता कमी झाली होती! म्हण खोटी ठरली नाही. ती फक्त भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत होती.

आमच्या घरी हे कसे घडले ते सांगते. माझ्या मुलाला कोणी काही विचारले की मी एका क्षणात उत्तर देऊन मोकळी होत असे. समुपदेशकांनी सांगितले की मनात दहा आकडे मोजा आणि मगच बोला. पहिल्या दिवशी मी सहापर्यंतच पोहोचले. ती शांतता मलाच सोसवली नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा आठ झाले असताना तो जमिनीकडे बघत स्वतःचे नाव पुटपुटला. आज तो नऊ वर्षांचा आहे, नव्या ठिकाणी अजूनही आधी कडेला उभा राहतो, आणि थोड्या वेळाने आपणहून आत जातो.

ढकलण्याचाही प्रयत्न मी त्याआधी करून पाहिला होता. त्यामुळे तो अधिकच आक्रसला, म्हणून ते करू नका.

मध्यरात्र

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. वाचल्यानंतर मी स्वतःकडे लक्ष देऊन पाहिले. काल एका अनोळखी घराच्या दाराशी मुलगी काही म्हणायच्या आतच मी तिला ‘घाबरू नकोस हं’ असे सांगितले, आणि तेव्हाच तिचा हात माझ्या ओढणीकडे आला. त्याआधी ती त्या घरातले मांजर पाहत होती.

एक शंका उरते. माझी स्वतःची धास्ती मी तिच्यापासून लपवावी का?

निरीक्षण

लपवून ती फारशी लपत नाही. मुले आपला चेहरा आपल्याआधी वाचतात. स्वीडनमधील जुळे पालक आणि त्यांची किशोरवयीन मुले यांच्यावरील २०१५ मधील एक अभ्यास येथे उपयोगी आहे. एकसारख्या जुळ्या बहिणींच्या बाबतीत मावशी ही जनुकांच्या दृष्टीने आईइतकीच जवळची असते. चिंता केवळ रक्तातून उतरत असती, तर मुलांची चिंता मावशीच्या चिंतेशीही आईइतकीच जुळायला हवी होती. तसे दिसले नाही. पालकांकडून मुलांकडे जाणारी चिंता मुख्यतः एकत्र राहण्यातून गेलेली आढळली. हे वाचून स्वतःला दोष देऊ नका. जे सहवासातून जाते त्यात बदल करणे आपल्या हातात असते, म्हणून मी हे सांगतो आहे.

तेव्हा धास्ती लपवण्याऐवजी तिला सोप्या शब्दांत सांगा: ‘मला जरा भीती वाटली, मी दोन श्वास घेतले, आता आपण आत जाऊ.’ भीती येते आणि ओसरतेही, हे तिला तुमच्या चेहऱ्यावर पाहायला मिळू द्या. तुमची झोप जात असेल तर स्वतःसाठी समुपदेशकांची किंवा मनोविकारतज्ज्ञांची वेळ आधी घ्या. मुलीचे खाणे, झोप, खेळ किंवा शाळेत जाणे काही आठवडे सलग अडू लागले, तर तिच्यासाठीही घ्या. आणि पुढच्या वेळी दाराशी पोहोचल्यावर आधी मांजराविषयी बोला.